सतरा महिने, एक वही आणि अखाजीचं तिकीट: विमानाचे पॉइंट आणि सेल वापरून पाहिल्यानंतर

लेक बंगळुरूला नोकरीला, आणि दिलीही तिकडेच. जळगावात हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग अखाजीला कशी येते?" अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्या खान्देशात दिवाळीला लेक आली नाही तर लोक समजून घेतात, अखाजीला नाही आली तर आईच्या जिवाला लागतं. माझ्या सासूबाई अमळनेरकडच्या. होळी पेटली की त्यांचं सुरू होतं, "अखाजीले आंडेर येस ना?" म्हणजे, अखाजीला लेक येते ना? अखाजी पडते एप्रिल-मेमध्ये, नेमकी सुट्ट्यांच्या तोंडावर. विमानाचं तिकीट वर्षातून दोनदा चढतं, आणि आम्हाला ते दोन्ही वेळेस हवं असतं.

कर्नाटक एक्स्प्रेस आहेच, थेट जळगावला उतरवते. पण जवळजवळ दिवसभराचा प्रवास, कडेवर तान्ही नात, आणि आरक्षण सुरू झालं की हव्या त्या दिवसाची बर्थ हाताला लागत नाही. म्हणून २०२४ च्या दिवाळीनंतर मी विमान कंपन्यांचे पॉइंट (प्रवासावर किंवा कार्डाच्या खर्चावर जमणारे, जे देऊन तिकीट काढता येतं), ते पॉइंट देणारं बँकेचं क्रेडिट कार्ड आणि सेल हे सगळं नीट वापरून पाहायचं ठरवलं. मी डाळ मिलमध्ये हिशेब बघते. घरीही नावे-जमा लिहायची सवय आहे. त्यामुळे पुढचे आकडे अंदाजाचे नाहीत, वहीतले आहेत.

आधी सेलबद्दल, कारण पहिल्याच सेलने मला धडा दिला. जानेवारीत मुंबई-बंगळुरू माणशी २,१४० रुपये दिसले. आम्ही तिघं जाणार होतो, लगेच काढावंसं वाटलं. पण ते विमान पहाटे सहाचं. जळगावच्या माणसाला पहाटे सहाचं विमान गाठायचं तर आदल्या संध्याकाळी मुंबईत पोचून लॉजवर राहावं लागतं. वहीत मांडलं: तिकिटं ६,४२०, बुकिंगचं सुविधा शुल्क ९००, सीट निवडायचे ७५०, अंधेरीचा लॉज २,६००, टॅक्सी ७००. एकूण ११,३७०. त्याच दिवशी दुपारी दीडचं विमान २,९५० ला होतं, सेलमध्ये नसलेलं. तिकिटं ८,८५०, शुल्क आणि सीटचे तेवढेच १,६५०, रात्रीच्या गाडीने सकाळी दादरला उतरून पुढे जायला ५००. एकूण ११,०००. माणशी ८१० रुपयांनी महाग दिसणारं तिकीट सगळं मिळून ३७० ने स्वस्त पडलं, आणि घरचा एक दिवस वाचला. जळगाव-मुंबई रेल्वेभाडं दोन्हीकडे सारखंच, म्हणून धरलं नाही.

तेव्हापासून सेल लागला की मी आधी विमानाची वेळ बघते, किंमत नंतर. मुंबईत राहणाऱ्याचा सेल आणि आपला सेल एक नाही. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं उडू लागली आहेत. शोधताना नुसतं "मुंबई" टाकलं तर दोन्ही विमानतळांची तिकिटं एकत्र येतात, म्हणून कोड बघा: बीओएम म्हणजे जुना सांताक्रूझ-अंधेरीकडचा, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. आपल्या गाड्या कल्याणला थांबतात, आणि कल्याणहून नवी मुंबईला जायचं की अंधेरीला, यावर त्या दिवसाचं सगळं गणित बदलतं.

सेलमध्ये अजून दोन तारखा असतात, त्या बारीक अक्षरांत. एक तिकीट काढायची मुदत, दुसरी प्रवासाची मुदत. प्रवासाच्या मुदतीतून सणांचे दिवस बहुतेक वगळलेले असतात. त्या भावाच्या सीटही मोजक्याच असतात, त्या संपल्या की पुढच्या माणसाला त्याच विमानाचा वरचा भाव दिसतो. तीन तिकिटं एकदम शोधली आणि खालच्या भावाच्या दोनच सीट उरल्या असतील, तर बऱ्याचदा तिघांनाही वरचा भाव लागतो. मी आता आधी एकाचं शोधते, मग दोघांचं, मग तिघांचं. फरक दिसला तर दोन वेगळी बुकिंग करते. एका प्रवासात यातून ६८० रुपये वाचले.

मार्च २०२५ मध्ये घाईत चुकीच्या तारखेचं तिकीट काढलं गेलं. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, तेव्हाचा नियम कामी आला: कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढलेलं तिकीट, विमान सुटायला सात किंवा जास्त दिवस असतील तर, २४ तासांच्या आत रद्द करताना दंड नव्हता. पूर्ण पैसे परत मिळाले. त्यानंतर मी दुसऱ्या बुकिंग साइटवर भाव फक्त बघते, तिकीट कंपनीकडूनच काढते. दुसरा नियम कमी लोकांना माहीत असतो. सेलचं तिकीट "नॉन-रिफंडेबल" असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क प्रवाशाला परत मिळायलाच हवं, विमान चुकलं तरीसुद्धा. जुलैमध्ये सासूबाई घसरून पडल्या आणि आमचा बेत रद्द झाला. मूळ भाडं गेलं. बाकीची रक्कम आपोआप आली नाही. लेखी मागितल्यावर अठरा दिवसांनी माणशी साडेसहाशेच्या आसपास आले. रक्कम मोठी नाही, पण आपली आहे, मागाच.

आता पॉइंट. यात सगळ्यात उपयोगी पडलं ते एकच गणित. रोखीने तिकीट कितीला आहे, त्यातून पॉइंट दिल्यावरही भरावे लागणारे रुपये वजा करायचे, आणि उरलेल्याला लागणाऱ्या पॉइंटने भागायचं. म्हणजे एका पॉइंटची किंमत पैशांत कळते. फेब्रुवारीतल्या एका साध्या मंगळवारी रोख तिकीट ३,६०० होतं, पॉइंटमध्ये ५,००० आणि वर १,१०० रुपये. म्हणजे पॉइंट पडला पन्नास पैशांना. त्याच खात्यातून दुकानाचं व्हाउचर घेतलं असतं तर ५,००० पॉइंटचे हजार रुपये, वीस पैसे. आणि २०२५ च्या दिवाळीत लेकीचं मुंबईपर्यंतचं तिकीट रोखीने ११,४०० झालं होतं, ते मिळालं ९,००० पॉइंट आणि १,२०० रुपयांत. एक रुपया तेरा पैसे. पॉइंट तेच, खातं तेच, किंमत व्हाउचरच्या पाचपटीहून जास्त.

पण ही दिवाळीची गंमत सगळीकडे चालत नाही. योजनांच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत पॉइंटची किंमत जवळजवळ बांधलेली असते, तिकीट महागलं की पॉइंटही त्याच प्रमाणात जास्त मागतात. तिथे सणाची वाट बघण्यात अर्थ नाही, हवं तेव्हा वापरून टाका. दुसरीत पॉइंटचा दर भाड्याइतका वर जात नाही, आणि तिथे गर्दीच्या दिवसात खरा फायदा होतो. आपली योजना कुठली, हे जाहिरातीवरून कळत नाही. एकाच मार्गाचा साधा मंगळवार आणि दिवाळीचा शनिवार घ्या, दोन्हीकडे वरचं गणित करा. पैसे सारखे आले तर पहिली तऱ्हा, दिवाळीला वाढले तर दुसरी. दुसऱ्या तऱ्हेत पॉइंटवर मिळणाऱ्या सीट थोड्या असतात. दिवाळीचं ते तिकीट मी जूनमध्येच काढून ठेवलं होतं. सप्टेंबरमध्ये सहज पाहिलं तेव्हा त्या आठवड्यात पॉइंटवर एकही सीट नव्हती.

पॉइंट मिळतात कसे, यात माझा आधी गैरसमज होता. पूर्वी किती किलोमीटर उडालात यावर ते मिळत, आता बहुतेक ठिकाणी खर्चावर मिळतात. एअर इंडियाने ही पद्धत एप्रिल २०२४ मध्ये आणली. त्याच वर्षी इंडिगोने ब्लूचिप नावाची योजना सुरू केली. तिकिटाच्या पूर्ण रकमेवर पॉइंट मिळत नाहीत, कर आणि विमानतळाची शुल्कं वगळूनच मिळतात. त्यामुळे सेलच्या तिकिटावर हाती येतात ते मूठभर. सतरा महिन्यांत आम्हा चौघांच्या उडण्यातून सगळे मिळून ३,००० जमले. बाकी आले ते कार्डातून.

इथे नावाचं एक सांगते, कारण हे आपल्याकडे सगळ्यांच्या बाबतीत होऊ शकतं. माझ्या आधारवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं आहे. योजनेचं खातं त्याच नावाने उघडलं. तिकीट काढताना फक्त नाव-आडनाव टाकलं. प्रवास झाला, पॉइंट आलेच नाहीत. नाव जुळत नाही म्हणून दोनदा अर्ज परत आला. बोर्डिंग पास मी वहीत चिकटवून ठेवला होता, त्याचा फोटो आणि ई-तिकीट क्रमांक पाठवल्यावर तीन आठवड्यांनी जमा झाले. ज्या बायकांची कागदपत्रं काही माहेरच्या, काही सासरच्या नावाने आहेत त्यांनी आधी हेच नीट करावं. आणि पॉइंट खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये.

कार्डाचा हिशेब मी मुद्दाम पूर्ण देते, कारण जाहिरातीत फक्त जमेची बाजू असते. कार्डाची वर्षाची वर्गणी २,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५०. सतरा महिन्यांत दोनदा भरली, ५,९०० नावे. कार्डावर खर्च ४,८०,०००: किराणा, विम्याचे हप्ते, वीजबिल, औषधं. त्याचे ९,६०० पॉइंट, आणि कार्ड घेतल्याचे सुरुवातीचे ५,०००. विमानाचे ३,००० धरून १७,६००. त्यातून दिवाळीत १०,२०० रुपये वाचले, आणि यंदाच्या अखाजीच्या तिकिटात ७,६५०. एकूण १७,८५०. वर्गणी वजा जाता ११,९५०. पण बिनवर्गणीच्या साध्या कार्डावर याच खर्चाचे एक टक्का, म्हणजे ४,८०० रुपये, काही न करता परत मिळाले असते. तेही वजा केले. खरा फायदा ७,१५० रुपये. सुरुवातीचे ५,००० पॉइंट नसते तर दोन हजारांच्या आसपासच उरला असता.

म्हणून तिसरी वर्गणी येण्याआधी मी हे कार्ड बंद करणार आहे. ज्यांचा महिन्याचा खर्च आमच्याइतकाच, तीस हजारांच्या आत आहे, त्यांना पहिल्या वर्षानंतर वर्गणीचं कार्ड परवडत नाही असं माझं स्पष्ट मत झालं आहे. आणि एकदाही बिल पूर्ण भरायचं राहिलं तर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, त्यापुढे पॉइंट काहीच नाहीत. मी दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण बिल भरते.

बँकेचे पॉइंट विमानाच्या खात्यात वळवले की परत बँकेत येत नाहीत, हेही आधी कळायला हवं होतं. म्हणून मी ते बँकेतच ठेवते आणि सीट डोळ्यांनी दिसल्यावरच वळवते. वळवायला काही वेळा एक-दोन दिवस लागतात, तेवढी जोखीम घ्यावी लागते. साठवत बसणं मात्र नको. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट दुसऱ्या योजनेत गेले. एअर इंडियाच्या योजनेचं नावही फ्लाइंग रिटर्न्सचं महाराजा क्लब झालं. पॉइंटचे दर कंपनी ठरवते आणि बदलते. ही काही पोस्टातली ठेव नाही, त्यामुळे वर्षभरात वापरता येतील एवढेच मी जमवते.

जळगावचं स्वतःचं विमानतळ आहे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. २०२४ पासून इथून छोट्या एटीआर विमानांनी गोवा, हैदराबाद, पुणे अशी सोय झाली. हैदराबादमार्गे बंगळुरू एकदा करून पाहिलं. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं असली की मधे सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नाही. आम्ही मधे पाच तास ठेवले होते, निभावलं. छोट्या विमानतळांवरच्या सेवा सुरू होतात, बंदही होतात, त्यामुळे सहा महिन्यांपुढचं तिकीट मी तिथून काढत नाही. नंदुरबारकरांना सुरत जवळ, शिरपूर-धुळ्याकडच्यांना इंदूर बघण्यासारखं. आम्हाला छत्रपती संभाजीनगर सोयीचं, सिल्लोडमार्गे दीडशे-एकशेसाठ किलोमीटर.

यंदाचं अखाजीचं तिकीट संभाजीनगरलाच उतरणारं आहे. महाशिवरात्रीच्या सुमाराला काढलं, रोखीने ८,९०० होतं, ७,५०० पॉइंट आणि १,२५० रुपयांत झालं. नात जानेवारीत दोन वर्षांची झाली, म्हणजे आता मांडीवर बसवून चालणार नाही, तिची वेगळी सीट. ती मी रोखीने काढली, कारण खात्यात उरलेत १,१०० पॉइंट. पूर्वी लेकीला आणायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून बैलगाडीने जायचा. माझा मुलगा गाडी घेऊन आदल्या दिवशी निघणार आहे, अजिंठ्याचा घाट दिवसाउजेडी पार करायचा म्हणून. सासूबाईंनी पुरणपोळ्या भाजायचं खापर काढून धुऊन ठेवलंय.