टेलि-मानस (१४४१६) : भाच्यासाठी केलेल्या फोनचा अनुभव

गेल्या आषाढात, अकरावीच्या प्रवेशाची यादी लागायच्या आठवड्यात, माझी मोठी बहीण गेली. तेराव्यापर्यंत घरी आलेल्या प्रत्येकाने तिच्या सोळा वर्षांच्या मुलाला "आता तूच बाबांना धीर द्यायचास" असे बजावले आणि त्यानेही ते इतके मनावर घेतले की तो रडलाच नाही. बहीण स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांना लाल पेनने फुली मारीत असे. महिना संपल्यावर मी ते पान उलटायला गेले, तेव्हा त्याने माझा हात धरला आणि "मावशी, ते राहू दे," एवढेच म्हणाला. दिवाळी झाली तरी पान तसेच होते आणि त्याच्या खोलीतला दिवा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जळत असे.

आधी आम्ही पैसे भरून एका खाजगी ॲपवरून सल्ला घेतला. त्या व्हिडिओ भेटीत मी त्याच्या शेजारी बसून राहिले, ही माझी चूक. परंतु समोरच्या बाईंनी निम्मा वेळ प्रश्नावली भरून घेण्यात घालवला आणि शेवटी छंद जोपासायला सांगितले, यात माझा काही दोष नव्हता.

टेलि-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा असून ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. बंगळूरची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची मुख्य मार्गदर्शक आहे. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते आणि भाषा निवडताना मराठीचा पर्याय मिळतो. फोन प्रथम प्रशिक्षित समुपदेशक घेतात. गरज दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जिल्ह्यातील सेवेकडे जोडून देतात.

पहिला फोन त्याने स्पीकरवर ठेवला, म्हणून मला ऐकू आला. समुपदेशकांनी धीर धरायला सांगितले नाही, की अभ्यासाचे विचारले नाही. आई दिवसभर काय काय करायची, एवढेच विचारले. त्यावर हा जो बोलू लागला, तो थेट दुधाच्या फुल्यांपर्यंत पोहोचला. "मग आता खाडे कोण मांडतं?" या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला, आणि पलीकडूनही कोणी मध्ये बोलले नाही. खरे उत्तर असे होते, की कोणीच मांडत नव्हते. दूधवाला सांगेल तेवढे पैसे भाऊजी देत होते.

चेहरा दिसत नाही आणि वाटेल तेव्हा फोन ठेवता येतो, ही या वयाच्या मुलांसाठी मला मोठीच सोय वाटते. मात्र नियमित, समोरासमोरच्या उपचाराची अपेक्षा फोनकडून धरू नये. अमेरिकी मनोविकार संघटनेने २०२२ च्या निदानसूचीत दीर्घकालीन शोकविकारासाठी मृत्यूनंतर प्रौढांच्या बाबतीत किमान बारा आणि मुलांच्या बाबतीत किमान सहा महिने लोटलेले असावेत असे धरले आहे. त्या हिशेबाने दिवाळीतच त्याला आजारी ठरवण्याची मी जरा घाईच करीत होते.

दिनदर्शिकेचे पान अजून उलटलेले नाही. दुसऱ्यांदा फोन करताना त्याने खोलीचे दार आतून लावून घेतले. काय बोलणे झाले, ते मी विचारलेले नाही.