टॉडमॉर्डनची साइट: स्वतःची की फेसबुक पान?

टॉडमॉर्डन हे इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्याच्या टोकाचं छोटं गाव. 1875 साली उघडलेला तिथला टाउन हॉल ओढ्यावरच उभा आहे, आणि 1888 पर्यंत यॉर्कशायर आणि शेजारच्या लँकेशायर परगण्याची हद्द थेट त्याच्या पोटातून जायची. असल्या आपल्या गावावर हौसेने लिहायचं, तर कुठे?

फेसबुक पानाला खर्च शून्य. जुन्या बाजाराचा फोटो टाकला की तासाभरात कुणीतरी सांगणार, "कोपऱ्यात उभी आहे ती माझी आजी." हे सुख स्वतःच्या साइटवर नाही, तिथे महिनोन् महिने चिटपाखरू फिरकत नाही. पण तीच आजी पुढच्या वर्षी शोधून दाखवा! नव्या पोस्टींच्या ढिगाऱ्यात गडप.

साइटवर हद्दीच्या गोष्टीचं पान कायम एकाच पत्त्यावर सापडतं. डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, वर्षाचे पैसे भरायला विसरलात, तर मात्र सगळंच गुल. फुकटच्या जागेचाही भरवसा नाही: याहूने 2009 मध्ये जिओसिटीज ही फुकटात साइट बनवू देणारी सेवा गुंडाळली, तेव्हा असंख्य हौशी पानं गेली. साइटचा आणखी एक फायदा म्हणजे, 2013 च्या नियमांमुळे ब्रिटिश लायब्ररीला डॉट यूके साइट्सच्या प्रती जपून ठेवता येतात.

मी तरी मजकूर साइटवर ठेवीन, आणि फेसबुकवर फक्त आज्या शोधीन.