वॉशरच्या पाण्याला जोर नाही? ‘युनिव्हर्सल किट’ घेण्याआधी

पिकअपच्या वॉशरचं पाणी काचेवर उडण्याऐवजी बॉनेटवरच ओघळायला लागलं, की स्पेअरच्या दुकानात हमखास एकच पिशवी पुढे येते: युनिव्हर्सल किट. आत 12 व्होल्टची मोटर, दोन जेट (काचेवर पाणी उडवणारी तोंडं), दोनेक मीटर पाईप, एका पाईपाचे दोन फाटे करणारी एक टी आणि नशिबात असेल तर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप. पिशवीवर कंपनीचं नाव नाही. बोलेरो पिकअप म्हणा, योद्धा म्हणा, छोटा हत्ती म्हणा, ‘सगळ्यांना बसतं’ असं सांगतात. बसतंही, थोडी कानशी मारून. यातली मोटर घेण्याजोगी आहे, व्हॉल्व्ह झकास, जेट कामचलाऊ आणि पाईप दुकानातच ठेवून यावा असा. पण ज्या गाड्यांसाठी हा किट विकत घेतला जातो, त्यातल्या बऱ्याच गाड्यांची मोटर धडधाकट असते.

तेव्हा खिशात हात घालण्याआधी जेटचा पाईप उपसा, त्याचं तोंड चहाच्या छोट्या ग्लासात धरा आणि कुणाला तरी स्टिअरिंगजवळची वॉशरची दांडी ओढायला सांगा. पाच सेकंदांत साधारण 100 मिली पाणी आलं तर मोटर ठीक आहे, जेट चोक आहेत. धार बारीक आली तर थेट मोटरच्या तोंडाशी पाईप सोडून तेच करा. तिथे जोर आहे आणि वर नाही, म्हणजे मधला पाईप दबलाय किंवा फुटलाय. बिजागरीजवळ बघा. बॉनेट शेकडो वेळा उघडझाक होतं, त्यात पाईप तिथेच चेपतो. मोटरच्या तोंडाशीही पाणी रडतखडत येत असेल तर मोटर टाकीतून बाहेर ओढा आणि तिच्या मुळाशी असलेली जाळी बघा. शेवाळ, माती आणि शाम्पूचा चिकट गोळा यांनी ती लिंपलेली असते. जाळी धुतली की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

जाळी साफ असूनही मोटर कण्हत असेल तर मल्टिमीटर घ्या. मोटर चालू असताना तिच्याच कनेक्टरवर व्होल्टेज मोजायचं. कनेक्टर काढून मोजलं तर काहीच कळत नाही, कारण लोड नसताना गंजलेली तारसुद्धा 12 व्होल्ट दाखवते. बॅटरीवर दिसतं त्यापेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी भरलं, तर दोष वायरिंगचा. पहिला संशय अर्थिंगच्या बोल्टवर, दुसरा दांडीच्या स्विचमधल्या जळक्या पॉइंटवर. अशा गाडीला नवी मोटर लावली तर तीही तशीच कण्हणार.

आता मोटर. आत छोटा पंखा फिरवून पाणी फेकणारा हा पंप आहे, आणि बसवताना सगळ्यात जास्त चूक होते ती तारांची. उलट्या जोडल्या तरी तो फिरतो, आवाज करतो, पाणीही देतो, फक्त जोर निम्म्याहून कमी. ‘नवी मोटरसुद्धा डुप्लिकेट निघाली’ म्हणून परत येणाऱ्या मोटरींतल्या काही निव्वळ उलट्या जोडलेल्या असतात. अंगावर प्लसची खूण असते, ती बघा. खूण पुसली असेल तर दोन्ही बाजूंनी चालवून ज्या बाजूला धार लांब जाते ती पक्की करा. दुसरा घोळ व्होल्टचा. 24 व्होल्टच्या ट्रकची मोटर दिसायला जवळपास तशीच असते. पिकअपला लावली तर फिरेल, पण सुस्त. दुकानदाराच्या डब्यात दोन्ही एकत्र पडलेल्या असतात, म्हणून अंगावरचा आकडा वाचूनच घ्या.

किटमध्ये दोन प्रकार मिळतात. टाकीच्या रबर बुशात (भोकातल्या रबरी कड्यात) दाबून बसणारी मोटर केव्हाही चांगली, मात्र तिच्या नळीची जाडी जुन्या मोटरीशी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापाने) जुळवा. एक मिलीमीटरचा फरक पडला की टाकी ठिपकत राहते, मग लोक एम-सील लिंपतात आणि पुढच्या वेळी मोटर काढताना टाकीच तडकते. रबर बुश किटमध्ये येतो, तो नवाच घाला. बसवताना तेल-ग्रीस नको, साबणाचं पाणी पुरे. दुसरा प्रकार पाईपच्या मध्ये लटकणारा. हा पंप स्वतः पाणी ओढून घेत नाही, म्हणून टाकीतल्या पाण्याच्या पातळीखालीच हवा. सोयीचं दिसतं म्हणून वर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) स्क्रू मारला की तो कोरडा फिरतो आणि थोड्याच दिवसांत आतून घासून जातो. टाकी रिकामी असताना दांडी ओढत बसणं हेही त्याच मोटरीचं मरण. आणि पाणी असलं तरी एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये.

व्हॉल्व्हबद्दल मात्र मनापासून बरं बोलावंसं वाटतं. दांडी ओढल्यावर पाणी यायला एक-दोन सेकंद लागतात आणि तोवर वायपर कोरड्या काचेवर धूळ घासतो. दांडी सोडली की पाईपातलं पाणी टाकीत परत उतरतं, हे त्याचं कारण. टीच्या अलीकडे हा व्हॉल्व्ह बसवला की पाईप भरलेला राहतो आणि पाणी लगेच उडतं. बाण जेटच्या दिशेला हवा, उलटा बसला तर थेंबही येणार नाही. बाकी काही घेतलं नाही तरी हा सुटा मागून घ्या.

पाईप पीव्हीसीचा, इंजिनच्या उष्णतेत काही महिन्यांत काडीसारखा कडक होतो. त्याऐवजी आतून 4 मिमीचा रबरी किंवा सिलिकॉनचा पाईप मीटरवर घ्या, टोकं गरम पाण्यात बुडवून चढवा.

जेट दोन तऱ्हांचे. साधे, धार मारणारे, आणि पंख्यासारखा फवारा पसरवणारे. फवाऱ्याचे जेट कमी पाण्यात जास्त काच भिजवतात, उसाच्या हंगामात काचेवर बसणाऱ्या काजळीला तेच बरे. पण त्यांना दाब पुरेसा लागतो आणि आतले मार्ग अरुंद असल्याने क्षाराने लवकर बुजतात. मोटर म्हातारी असेल तर त्यातून नुसती लाळ गळते. जुने जेट फेकण्याआधी मात्र पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून बघा, मग बाहेरच्या तोंडातून आत हवा मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जाईल. पाईप जोडलेला असताना हवा मारू नका. टाचणी फक्त जेटचा गोळा फिरवण्यापुरती. भोकात खुपसून कोरलं तर धार कायमची फाकते.

बोअरचं पाणी आणि शाम्पू ही जोडी जेटची वैरी. फेसामुळे पंपात हवा अडकते आणि धार तुटक येते. एसीचं ठिबकणारं पाणी गाळून वापरलं तर क्षाराचा प्रश्नच उरत नाही, त्यात वॉशरचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका.

धार लावताना गाडी उभी असते हे विसरू नका. उभ्या गाडीत धार बरोबर काचेच्या मध्यावर पडत असेल, तर हायवेला वारा तिला खाली दाबतो आणि पाणी वायपरच्या मुळाशीच संपतं. म्हणून धार वरच्या तिसऱ्या भागावर, ड्रायव्हरच्या नजरेसमोर लावा आणि एकदा साठच्या वेगात तपासून मग पक्की करा.