लॉ सीईटीसाठी द्विभाषिक संविधान: कुठली प्रत घ्यावी, कशी वापरावी

नवी पेठेत तीन वर्षांच्या एलएलबीच्या प्रवेशपरीक्षेचं, म्हणजे लॉ सीईटीचं पुस्तक मागितलं की आधी जाडजूड गाईड पुढ्यात येतं. बीए, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला असाल आणि मुंबईचं जीएलसी (शासकीय विधी महाविद्यालय) किंवा पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज गाठायचं असेल, तर गाईड थोडं थांबू द्या. पहिली खरेदी संविधानाच्या मराठी-इंग्रजी द्विभाषिक प्रतीची करा. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळा-कॉलेजात मराठी आणि पुढे लॉला इंग्रजी, अशी तीन भाषांची कसरत करणाऱ्या मुलांना तर तिचा फारच आधार होतो.

मूळ पाठ असल्यामुळे सुरुवातीला शब्द जड जातात. पण खरा फायदा तिथेच आहे. मूलभूत हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा अनुच्छेद ३२ उघडा; त्यात न्यायालयाच्या आदेशांची (रिटची) नावं आहेत. गाईडांत बऱ्याचदा ‘बंदी प्रत्यक्षीकरण’, ‘परमादेश’ असे हिंदीतून आलेले शब्द असतात. अधिकृत मराठीत ते ‘देहोपस्थिती’ आणि ‘महादेश’ आहेत, आणि इंग्रजी पाठात हेबिअस कॉर्पस, मँडॅमस. जोडी एकदा डोळ्यांखालून गेली की गोंधळ संपतो. तसंच अनुच्छेद १९ ‘नागरिकां’बद्दल बोलतो, २१ मात्र ‘कोणत्याही व्यक्ती’बद्दल. म्हणजे परदेशी माणसाला १९ खाली भाषणस्वातंत्र्य मागता येत नाही, पण बेकायदा अटकेविरुद्ध २१ त्याच्याही पाठीशी आहे. लीगल रीझनिंगचा प्रश्न नेमका अशा एका शब्दावर फिरतो, आणि सारांश छापताना तोच शब्द गळतो.

प्रत ताजी आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. अनुच्छेद ३३०क शोधा. लोकसभेतल्या महिला आरक्षणाचा हा अनुच्छेद २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने आला. तो नसेल तर प्रत जुनी. संविधानाची जुनी प्रत एक वेळ चालेल, दुरुस्ती समासात लिहून घेता येते. फौजदारी कायद्याचं सेकंडहँड पुस्तक मात्र अजिबात नको. १ जुलै २०२४ पासून आयपीसी (भारतीय दंड संहिता) जाऊन भारतीय न्याय संहिता आली; ५११ कलमांच्या जागी ३५८ झाली. खून ३०२ वरून १०३ वर गेला, फसवणूक ४२० वरून ३१८ वर. शिवाय नव्या संहितेतही ३०२ आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांबद्दल. जुने आकडे पाठ असले की पर्यायांत ३०२ दिसताच हात तिकडेच जातो.

आता मर्यादा. २०२५ च्या पॅटर्नप्रमाणे दोन तासांत १२० प्रश्न: इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान ३२, कायदा २४, तर्क २४. संविधान कितीही घोटलं तरी मदत होते ती कायद्याच्या २४ ला आणि सामान्य ज्ञानातल्या राज्यघटनेच्या प्रश्नांना. टॉर्ट (दिवाणी अपकृत्यांचा कायदा) त्यात नाही. तो बहुतांशी निवाड्यांतून घडलेला कायदा. करारासाठी १८७२ च्या करार अधिनियमाची पहिली ३० कलमं वेगळी वाचावी लागतात. इंग्रजीचे ४० तर रोजच्या इंग्रजी अग्रलेखाशिवाय हाती लागत नाहीत. जुने १५० प्रश्नांचे संच घड्याळ लावून सोडवू नका: तेव्हा एका प्रश्नाला ४८ सेकंद होते, आता ६० आहेत, आणि घाईची सवय उताऱ्यांत नडते. वजा गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा ठेवू नये. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलच्या एनएलसॅट या प्रवेशपरीक्षेचं गणित निराळं: तिथे वजा गुण आहेत आणि उत्तरं लिहूनही द्यावी लागतात.

वाचायची रीत: रोज दोन अनुच्छेद. आधी मराठी, मग इंग्रजी, मग पुस्तक मिटून आपल्या इंग्रजीत एक वाक्य. ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या परंतुकाखाली पेन्सिलीने रेघ मारा; अपवाद तिथेच असतो. या गतीने भाग ३ (मूलभूत हक्क) सुमारे दोन आठवड्यांत होतो. खिशात मावणारी छोटी आवृत्ती घेऊ नका, समासात लिहायला जागाच उरत नाही.