हॅमस्टर एकटा, उंदीर दुकटा

दुकानात हॅमस्टर बघायला गेलं की हमखास ऐकू येतं, "जोडीच घ्या, एकटा कंटाळेल." आम्ही ऐकलं. तीन आठवड्यांनी एका रात्री चिरका आवाज आला, दिवा लावला तर एकीचा कान फाटलेला. गंमत म्हणजे हाच सल्ला पाळीव उंदरांच्या (इंग्रजीतला रॅट, इवलासा माऊस नव्हे) बाबतीत अगदी बरोबर ठरला असता.

दुकानातला मोठा सोनेरी हॅमस्टर म्हणजे सीरियन. १९३० मध्ये अलेप्पोजवळच्या एका बिळातून मादी आणि तिची पिल्लं खणून काढली. आजचे बहुतेक सगळे पाळीव सीरियन त्यांचेच वंशज. रानात हा प्राणी एकटाच राहतो. सहा-आठ आठवड्यांचा झाला की सख्खी भावंडंही एकमेकांच्या जिवावर उठतात. बुटक्या जातींचं कधीकधी जमतं, पण दुसरा पिंजरा तयार ठेवूनच.

उंदीर उलट्या स्वभावाचा. एकमेकांचं अंग साफ करणं, खोटीखोटी मारामारी, एकावर एक रचून झोपणं, हे त्याचं रोजचं जगणं. तुम्ही दोन तास खेळलात तरी यातलं बरंचसं तुम्हाला देता येत नाही. म्हणून किमान दोन, आणि दोन्ही माद्या किंवा दोन्ही नर. हे नीट तपासून घ्या, कारण पाच आठवड्यांतच ते वयात येऊ लागतात आणि मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते. एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज.

घराचा हिशोबही वेगळा. हॅमस्टरला जमीन हवी: साधारण १०० बाय ५० सेंटीमीटर आणि बीळ खणायला निदान २०-२५ सेंटीमीटर कागदी भर. रंगीबेरंगी नळ्यांचे प्लॅस्टिकचे बंगले फक्त मुलांना आवडतात. सीरियनचं चाक २८ सेंटीमीटरच्या आसपास हवं. लहान चाकात पाठ वाकते. उंदरांना उंची हवी. दोन-तीन मजल्यांचा पिंजरा, जाळीऐवजी सपाट तळ आणि जुन्या टी-शर्टचे झोपाळे (ते कुरतडणार, दर महिन्याला नवे). त्यांची फुप्फुसं नाजूक असतात, मुताच्या उग्र वासाने आणखी बिघडतात. त्यामुळे सफाईत आळस चालत नाही. सुताराकडचा बारीक भुसा किंवा देवदार-चिडाचा वासाचा भुसा दोघांनाही नको.

उन्हाळा दोघांनाही जड जातो. तापमान तिशीपलीकडे गेलं की पिंजरा खिडकीतून हलवा आणि आत मातीची कुंडी आडवी ठेवा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात कूलर किंवा एसीशिवाय दोघांपैकी काहीच आणू नये, असं माझं स्पष्ट मत.

आता कोण आणावं? घरात शाळकरी मुलं असतील तर मी उंदीरच सांगेन. रात्रीचाच प्राणी, पण तुमच्या वेळेशी जुळवून घेतो, हाकेला येतो, खांद्यावर बसतो. हॅमस्टर मुलं झोपल्यावर उठतो आणि दिवसा उठवलं तर चावतो. कामावरून उशिरा परतणाऱ्या, नुसतं बघण्यात रमणाऱ्या एकट्या माणसाला मात्र तो छान. उंदराचं नाव काढताच सासूबाई आणि शेजारी नाकं मुरडतील, ते तुमचं तुम्ही बघा.

आयुष्य दोघांचंही दोन-तीन वर्षांचं. उंदरांच्या माद्यांना छातीपोटाशी गाठी फार होतात. पिंजरा घेण्याआधी इतके छोटे प्राणी तपासणारा डॉक्टर गावात आहे का, ते विचारून ठेवा. बरेच जण कुत्र्या-मांजरांपुढे जात नाहीत.