घरपट्टी: खिडकीवर की यूपीआयने?

नाशिक महापालिकेची घरपट्टी विभागीय कार्यालयाच्या खिडकीवर रोखीने भरायची तर रांग सोसावी लागते, पण देयकात नाव किंवा क्षेत्रफळ चुकले असेल तर समोरच्या माणसाला विचारता येते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत, जिथे मिळकत अनेकदा अजूनही आजोबांच्याच नावावर असते, ही सोय लहान नव्हे. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे भरणा घरबसल्या होतो, व्यवहाराची नोंद राहते आणि मध्यस्थाला फारसा वाव उरत नाही. तरीही माझ्या मते हा लाभ मुख्यतः भरायची इच्छा असलेल्यालाच मिळतो: ज्या वाढीव मजल्याची आकारणीच झालेली नाही, त्याची घरपट्टी कोणतेही ॲप वसूल करू शकत नाही, आणि थकबाकीदाराच्या दारी अखेर वसुली कर्मचाऱ्यालाच जावे लागते.