पुरासाठी घेतलेलं जुनं आठ हॉर्सचं इंजिन: आठ महिने वापरून

गेल्या ऑक्टोबरात कोल्हापुरातल्या आमच्या तालमीनं वर्गणी काढून मालवणहून जुनं आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन आणलं. आठ हॉर्स, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, जपानी. अठ्ठावीस हजार पडले. २०१९ ला आणि परत २०२१ ला चिखली-आंबेवाडीकडची माणसं आणि जनावरं कशी बाहेर काढावी लागली ते सगळ्यांनी बघितलेलं, त्यामुळं 'कशाला?' असं कुणी विचारलं नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. आमच्याकडं त्या आकड्यांवर सामान माळ्यावर चढतं. फायबरची होडी होतीच, पण पुराच्या ओढीत वल्ह्यांचं काही चालत नाही.

मालवणात विकणाऱ्यानं दुसऱ्या ओढीला चालू करून खाडीत फिरवून दाखवलं. आम्ही खूश. फोंडा घाटातून टेम्पोत घालून आणलं, पंचगंगेत दोन फेऱ्या मारल्या आणि तालमीच्या मागच्या खोलीत स्टँडवर लावून झाकून ठेवलं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल तसंच आत. पुढचं सगळं रामायण या एका आळसातून झालं.

फेब्रुवारीत काढलं तर हूं की चूं नाही. आता तालमीत दोर ओढायला माणसांची काय कमी? पाऊण तास एकेक पैलवान 'सर की बाजूला, मी बघतो' करत होता. मग कुणाचं तरी लक्ष भिंतीकडं गेलं. बंद करायच्या लाल बटणामागं जी क्लिप लागते, ती दोरीसकट खिळ्याला टांगलेली. ती क्लिप नसली की करंट प्लगकडं न जाता बॉडीत उतरतो. अख्ख्या जिल्ह्यानं ओढलं तरी इंजिन चालू होणार नाही. क्लिप घातली, परत ओढायला लागलो, आणि एका पठ्ठ्यानं दोरच हातात काढून घेतला. मग वरचं स्टार्टरचं झाकण उतरवलं, फ्लायव्हीलच्या, म्हणजे आतल्या जड चाकाच्या खाचेत कासऱ्याचा तुकडा गाठ मारून गुंडाळला आणि भोवऱ्यासारखा ओढला. ही सोय कंपनीनंच दिलेली असते, अडीनडीला उपयोगी. त्या दिवशी तिचाही उपयोग झाला नाही.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं आयुष्यात आऊटबोर्डला हात लावलेला नव्हता. झाकण काढून बघितलं आणि म्हणाला, "ही तर लूनाची थोरली बहीण की ओ!"

त्यानं बघण्याची जी पद्धत लावली ती मात्र शिकण्यासारखी. आधी दोन्ही प्लग काढले. ओले होते, म्हणून आम्ही लगेच निकाल दिला की पेट्रोल येतंय, म्हणजे दोष करंटचा. त्यानं प्लग बोटावर फिरवून वास घेतला. ओल होती ती ऑईलची. पेट्रोल कधीच उडून गेलेलं. मग प्लग पुसून टोप्यांत घातले, बॉडीला टेकवले आणि सावलीत ओढायला लावलं. वरच्याला निळी ठिणगी, खालच्याला काहीच नाही. खालची टोपी आतून हिरवी पडलेली, खाऱ्या हवेची कृपा. वायरचं टोक अर्धा इंच कापून टोपी परत पिळून बसवली, तर तिथंही ठिणगी आली. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दम, म्हणजे कॉम्प्रेशन बघितलं. दम बरा होता.

मग सलाईनच्या सिरिंजनं ताजं पेट्रोल-ऑईल दोन्ही भोकांत चमचाभर सोडलं, प्लग आवळले, दोर ओढला. फट् फट् करत चार सेकंद पळालं आणि गप्प.

"बघा," मिस्त्री म्हणाला, "करंट हाय, दम हाय. ह्याच्या पोटात काय जाईना झालंय."

कार्बोरेटरची खालची वाटी उघडली तर तळाला काकवी! रंग तोच, चिकटपणा तोच, वास तेवढा वार्निशचा. छोटं जेट, म्हणजे ज्यातून पेट्रोल जातं ते बारीक भोक, ठार बंद. वायरीतली तांब्याची एकच तार काढून त्यानं ते मोकळं केलं. सुई घालू दिली नाही, भोक मोठं झालं तर जेट बाद. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली बसतात. जुन्या रबराशीही त्याचं पटत नाही. ऊस आमचा, इथेनॉल आमच्याच उसाचं, आणि इंजिनही आमचंच तुंबलं. तक्रार कुणाकडं करायची?

मार्चमध्ये नवं नाटक. तिसऱ्या ओढीला चालू व्हायचं, मिनिटभरानं मरायचं. टाकीकडून येणाऱ्या पाईपमधला रबरी फुगा दाबत बसलं की चालायचं. सगळे म्हणाले इंजिनातल्या पेट्रोल पंपाचा पडदा गेला. कुरिअरनं पडदा मागवला, बदलला, पैसे गेले, इंजिन तसंच. शेवटी नदीकाठी डिझेल इंजिनावर उसाला पाणी पाजण्यात हयात गेलेले आमच्या गल्लीतले एक आबा आले. फुगा दोनदा दाबला आणि म्हणाले, "एअर धरलीया."

बरोबर होतं. फुगा दाबून दगडासारखा कडक व्हायला पाहिजे, आमचा होतच नव्हता. पाईप इंजिनाला जोडतो त्या खटक्यातली रबरी रिंग चपटी झालेली, तिथून हवा ओढत होतं. दहा रुपयांची रिंग! उलट फुगा आपोआप चपटा होत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलाय. तेही आमचं एकदा झालंय, पण आपण शहाणे, पाच मिनिटांत सापडलं.

बाकी किरकोळ. गिअरमध्ये असलं की दोर हलतच नाही, ते जाम झालेलं नसतं, न्यूट्रलला आणायचं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बारीक यायला लागली म्हणून ते पाणी खेचणारा पंखा, म्हणजे इंपेलर बदलला. पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवल्याशिवाय चालू करायचं नाही, कोरडं चाललं की त्या इंपेलरची रबरी पाती जळतात. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑईल ५० ला १, म्हणजे पाच लिटरला १०० मिली, आणि तेही आऊटबोर्डचंच. आमच्यातल्या आरएक्स हंड्रेडवाल्यानं आपलं गाडीचं टू-टी ऑईल आणून ओतलं होतं. वास झकास आला, पण ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. महिन्याभरात प्लगवर काजळी धरली.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पिंपात दहा मिनिटं चालवतो. संपवताना पाईप काढून घेतो आणि वाटीतलं पेट्रोल जळून आपोआप बंद होऊ देतो. एप्रिलपासून दुसऱ्या ओढीच्या पुढं गेलेलं नाही. होडीत चार माणसं घेऊन प्रवाहाविरुद्ध नीट जातं. फुल्ल सोडलं तर तासाला चारेक लिटर पितं, आवाजही भरपूर. वजन सत्तावीस किलोच्या आसपास, एक माणूस खांद्यावर नेतो. अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात ही फार मोठी सोय आहे. किरकोळ सामान इथं मिळतं, खास पार्टला मात्र मालवण किंवा मुंबईकडून आठवडा. ज्यांना घेऊन, झाकून थेट जुलैत काढायचंय त्यांनी घेऊ नये, वल्हीच बरी.

एक काम राहिलंय. परवा खालच्या भागातलं गिअर ऑईल सोडलं तर चहासारखं दुधाळ निघालं, म्हणजे सीलमधून पाणी आत जातंय. मिरग लागायच्या आत करायला पाहिजे. सील आलंय, मिस्त्री बुधवारी घेऊन या म्हणालाय.